युरोपासारखी पेट्रोल गाड्यांवर बंदी आपल्याकडेही आणावी का? आणि जिंतूरसारख्या गावात राहणाऱ्याने आज कोणती गाडी घ्यावी?

सर, तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत. एक, युरोपात २०३५ नंतर पेट्रोलच्या नव्या गाड्या बंद होणार म्हणतात, तर भारतानेही तशी तारीख ठरवावी का? दुसरा, रोज जिंतूर-परभणी ये-जा करणाऱ्या शिक्षकाने आज पेट्रोलची गाडी घेतली तर चार-पाच वर्षांत ती भंगारात जाईल का? मी परभणीत वायरिंगची गुत्तेदारी करतो. घरं, मोंढ्यातली दुकानं, आणि अलीकडे गाड्यांचे चार्जर. गाड्या विकत नाही, पेट्रोल पंपही नाही. मला हा सगळा वाद मीटरच्या बाजूने दिसतो, तसाच सांगतो.

भंगाराची भीती आधी डोक्यातून काढून टाका. युरोपाचा नियम नव्या गाड्यांच्या विक्रीपुरता आहे, रस्त्यावरच्या जुन्या गाड्या कोणी उचलून नेणार नाही. आणि तो नियमही आता सैल होतोय. २०२३ मध्ये त्यांनी ठरवलं की २०३५ पासून नव्या गाड्यांचा धूर शंभर टक्के बंद. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच युरोपीय आयोगाने शंभराऐवजी नव्वद टक्क्यांचा प्रस्ताव मांडला, कारण जर्मनीसारख्या गाड्या बनवणाऱ्या देशांनी रेटा लावला. ब्रिटनने २०३० ची तारीख २०३५ केली, सरकार बदललं तशी परत २०३० वर आणली. तिथेच एवढी ओढाताण आहे. आपल्याकडे तर असा कायदाच नाही. आज घेतलेल्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस पास झाली की पाच-पाच वर्षांनी वाढते. तुमची सेवानिवृत्ती होईल तरी गाडी चालेल.

तारखा जाहीर करण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. २०१७ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री पीयूष गोयल म्हणाले होते, २०३० पर्यंत सगळ्या गाड्या विजेवर. ते पुढे कुठे गेलं, कोणाला आठवत नाही. २०१९ मध्ये नीती आयोगाने सुचवलं, तीनचाकी २०२३ पर्यंत आणि १५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २०२५ पर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक करा. बजाज, टीव्हीएस, हिरो सगळ्यांनी विरोध केला. वाळूजला बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणारी असंख्य लहान वर्कशॉप. इंजिन गेलं की त्यांचं निम्मं काम गेलं, कारण इलेक्ट्रिक मोटरला ना पिस्टन लागतो ना व्हॉल्व्ह ना सायलेन्सर. त्यामुळे 'कंपन्या स्वार्थी आहेत' म्हणून तो विरोध झटकून टाकणं मला पटत नाही. आपल्याच भागातली पोरं तिथे कामाला आहेत. गंमत अशी की त्याच जिल्ह्यात बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटर करणारी एथर आणि टोयोटा-किर्लोस्कर दोघांनीही २०२४ मध्ये नव्या कारखान्यांची घोषणा केली. म्हणजे मराठवाड्याचा एक पाय इंजिनात आणि एक बॅटरीत. बंदीची तारीख आली असती तर कुठल्या पायावर उभं राहायचं हे आपल्याला कोणी विचारलंही नसतं.

आणि तीनचाकींचं काय झालं बघा. बंदी आली नाही, तरी आज देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक आहेत. रिक्षावाल्याने पर्यावरणाचं भाषण ऐकून रिक्षा बदलली नाही. संध्याकाळी हातात किती उरतात ते मोजलं. नॉर्वेचं नाव सगळे घेतात, पण तिथेही कायद्याने बंदी नव्हती, २०२५ चं फक्त उद्दिष्ट होतं. त्यांनी पेट्रोल गाडीवर जबर कर बसवला, इलेक्ट्रिकवरचा काढला, आणि २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या इलेक्ट्रिक विकल्या गेल्या. अर्थात त्यांची वीज धरणांची आहे आणि घराघरात पुरेशा दाबाने येते. आपला अडसर तिथेच आहे.

म्हणून माझं मत: बंदी नको. गाडीचा कायदा करण्याआधी तारेचं काम करा. परभणीत पेट्रोल इतकं महाग आहे की बंदीची गरजच नाही. मनमाडजवळच्या डेपोतून तीनशे किलोमीटरच्या आसपास टँकर येतो, ते भाडं आपल्या खिशातून जातं. २०१८ मध्ये पेट्रोल नव्वदीला टेकलं तेव्हा बातम्यांत परभणीचंच नाव होतं. माणूस स्वतःहून विजेकडे वळायला तयार आहे. वीज त्याच्याकडे वळायला तयार नाही.

म्हणजे काय ते सांगतो. खेड्यात शंभर केव्हीएची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर असतो, तिच्यावर आधीच घरं, पिठाची गिरणी, आणि खरं बोलायचं तर वीजचोरीचे दोन-चार आकडेही. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून कार चार्ज केली तर तीन-सव्वातीन किलोवॅट लागतात. भिंतीवरचा मोठा चार्जर सात किलोवॅट ओढतो. गावात दहा जणांनी मोठे चार्जर बसवले आणि सगळ्यांनी रात्री आठला गाड्या लावल्या तर एकट्या गाड्यांनीच डीपीचा बहुतेक भार खाल्ला. रब्बीत पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की डीपी जळते, मग गावकऱ्यांनी वर्गणी काढून ट्रॅक्टरवर ती न्यायची, दुसरीसाठी खेपा घालायच्या, हे तुम्हाला मी काय सांगू! त्यात गाड्यांची भर घालायची असेल तर आधी डीपी वाढवावी लागेल. संध्याकाळी होल्टेज १८० च्या खाली गेलं की पुष्कळ चार्जर एकतर थांबतात नाहीतर रांगत चालतात. मालकाला वाटतं गाडी खराब आहे.

पण सगळ्यात मोठी गोम आर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेची. गाडीबरोबर येणारा चार्जर आधी आर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या घरांत मीठ-कोळसा घालून पुरलेली प्लेट असते. मे महिन्यात माती त्या प्लेटपासून सुटते, मध्ये कोरडी पोकळी राहते, आर्थिंग नावाला उरतं. गाडी जुलैत घेतलेली, डिसेंबरपर्यंत छान चार्ज होते, आणि एप्रिलमध्ये एक दिवस लाल दिवा. शोरूमवाले म्हणतात तुमच्या घराचा प्रॉब्लेम, घरमालक म्हणतो फ्रीज-कूलर तर चालू आहे. फ्रीज आर्थिंगशिवायही चालतो हो, बिचारा तक्रार करत नाही एवढंच.

मग कोणीतरी वायरमन येतो आणि सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि आर्थिंगमध्ये तारेचा तुकडा जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, वायरमन दोनशे रुपये घेऊन जातो. हे मी उघडलेल्या सॉकेटमध्ये पाहिलंय आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला. खांबावर न्यूट्रल तुटला, आणि आपल्याकडे वादळात तो तुटतोच, तर फेज त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. बाहेर पाऊस, अंगणात चिखल, आणि पोरगं दार उघडायला हात लावतं. तुमच्या घरी कोणी असा 'जुगाड' सुचवला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता कोळशाचा मुद्दा, कारण त्यावर हमखास भांडण होतं. 'वीज तर परळीच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाचीच, मग कसली स्वच्छ गाडी?' अर्धं खरं आहे. देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे आज साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लहान इलेक्ट्रिक कार एका युनिटला सहा किलोमीटर धरली तर किलोमीटरला ११५-१२० ग्रॅम. पेट्रोलची तशीच गाडी लिटरला अठरा धरली तर धुराड्यातून १२५-१३० ग्रॅम, आणि तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं वेगळं. शिवाय बॅटरी बनवतानाचा धूर इलेक्ट्रिकच्या खात्यावर. म्हणजे आज फायदा आहे पण थोडा. जाळ्यात सौर आणि पवन वाढेल तसा गाडी न बदलताच हा फायदा वाढत जाईल. पेट्रोल गाडीत ती सोय नाही. मात्र एक गोष्ट पुण्या-मुंबईवाल्यांनी लक्षात ठेवावी. त्यांच्या चौकातला धूर गेला म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही, काही अंशी राख होऊन परळीच्या छपरांवर पडला. आणि त्या केंद्राला पाणीही लागतं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते.

पेट्रोलही आता नुसतं पेट्रोल राहिलेलं नाही. त्यात वीस टक्के इथेनॉल आहे, म्हणजे उसाचं, मक्याचं, तांदळाचं. मराठवाड्यात ऊस म्हणजे पाणी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच पट्ट्यात गाडीच्या टाकीसाठी ऊस पिकवायचा, यातला विरोधाभास मला कधी गिळता आला नाही. शेतकऱ्याला उसाचा पैसा हमखास मिळतो, म्हणून त्याला दोष देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं घातली तेव्हा तोही पैसा अडकलाच की.

असो. तुमच्या गाडीवर येतो.

जिंतूर-परभणी ये-जा धरून रोज नव्वदच्या आसपास, महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटर. पेट्रोल गाडीला आजच्या भावाने महिन्याला तेरा हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला साधारण ३७५ युनिट. इथे लोक घाबरतात की युनिट वाढले म्हणजे सगळं बिल वरच्या दराने लागेल. तसं नसतं, पहिल्या शंभर युनिटांना पहिलाच दर राहतो, वरच्यांना वरचा. सगळे आकार धरून ती गाडी पाच-साडेपाच हजारांत बसते. स्वतःची गाडी घरी चार्ज करायला घरगुती मीटर चालतं, मंजूर भार मात्र वाढवून घ्या, कोटेशन भरा. छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे गाडीचं इंधन जवळपास छतावरच. नेट मीटरचे, म्हणजे छतावरची जास्तीची वीज बिलातून वळती करणाऱ्या मीटरचे नियम बदलत असतात, तेवढं त्या दिवशी विचारून घ्या.

एवढा रोजचा पल्ला ठरलेला असेल, रात्री गाडी स्वतःच्या अंगणात उभी राहत असेल, तर मी इलेक्ट्रिकच घेईन. पेट्रोलने रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याला मी हे सांगणार नाही. त्याचे जास्तीचे पैसे कधी वसूल व्हायचे? भाड्याच्या घरात, गल्लीत गाडी लावणाऱ्यालाही नाही. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून कार चार्ज करायची नसते. आठ-दहा तास पूर्ण भार चालतो, बोर्ड वितळतो.

पोरगा पुण्याला शिकतो म्हणालात. बीडमार्गे साडेतीनशेच्या पुढे अंतर. तीस युनिटची बॅटरी मे महिन्यात एसी लावून, हायवेच्या वेगाने दोनशेच्या आतच संपते, कंपनीने कागदावर काहीही लिहो. म्हणजे वाटेत किमान एक थांबा नक्की, तोही वीस-पंचवीस रुपये युनिटचा. समृद्धीवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, पण पुण्याला जाताना तो रस्ता तुमच्या काय कामाचा. सटीसामाशी एखादी खेप असेल तर थांबून चहा प्या. दर पंधरवड्याला जायचं असेल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर मोठ्या बॅटरीची गाडी बघा, नाहीतर सरळ पेट्रोल घ्या, लाजायचं कारण नाही.

शेवटचं, बुकिंगच्या आधीचं. आर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजून घ्या, आर्थिंग मोजायचं मीटर लावून, नुसता टेस्टर लावून नाही. पावसाळ्यात सगळ्यांचंच चांगलं येतं. पाइप टाकायचा तर केमिकलवाला टाका, खड्डा नळाच्या सांडपाण्याजवळ घ्या म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील, आणि चार्जरला मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा, तांब्याची, पंधरा अँपिअरच्या सॉकेटला किमान चार स्क्वेअर एमएमची आणि सात किलोवॅटच्या चार्जरला सहाची, तिच्यावर वेगळा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. हा खर्च शोरूमवाला सांगत नाही, मी आत्ताच सांगतो.