हवेतलं चाक फिरत असेल तर आधी लेथ थांबवा

तुमची पोस्ट सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेडवर जाताना वाचली, दुपारी डबा खाताना परत वाचली आणि आता रात्री निवांत बसून लिहितोय. मुलासाठी उतारावरून सोडायची लाकडी गाडी करताय. उजवं पुढचं चाक जमिनीपासून दीड मिलिमीटर उचललंय, डावं लेथवर घासून निमुळतं केलंय, तरी गाडी ट्रॅकच्या मधोमध, चाकांच्या मधून जाणाऱ्या पट्टीला धडकत खाली येते आणि चार धावांत चार वेगळे वेळ लागतात, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यांनी तुम्हाला अजून हलकी चाकं करायला सांगितलंय. पण शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ते कुणी धरलेलं दिसत नाही : 'खाली पोचल्यावर उचललेलं चाकसुद्धा फिरत असतं.'

तुमचा सगळा आजार त्या वाक्यात आहे. हाच आजार ओळखायला मला पावणेदोन महिने लागले होते.

मी पॅटर्नमेकर आहे. फौंड्र्यांसाठी, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (ओतायच्या वस्तूचे नमुने) आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे साचे) करतो, बावीस वर्षं झाली. माझी बहीण अमेरिकेत असते, तिनं भाच्याच्या जुन्या चार-पाच किट आणून दिल्या : पाईनचा ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं, एक्सल म्हणून चार खिळे. तिकडं कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान स्काउट पोरांत, ही 'पाइनवुड डर्बी' शर्यत १९५३ पासून चालते. कॅलिफोर्नियातल्या डॉन मर्फी नावाच्या गृहस्थानं ती सुरू केली, कारण माणूस बसून चालवायच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत त्याच्या मुलाला वयामुळं घेत नव्हते. वजन ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅमपर्यंत, बाकी बरंचसं तुमच्या हातात. आम्ही पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये आठ फुटी प्लायच्या चार लांबीचा, ३२ फुटांचा ट्रॅक केला आणि गल्लीतली पोरं गोळा केली. माझी लेक तेव्हा सहावीत होती.

खिळे घासून चकचकीत करणं, ग्राफाइट, वजन मागच्या बाजूला घेणं, हे काही लिहीत बसत नाही. ते तुम्ही केलेलंच असणार.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. मधल्या पट्टीला डुगडुगत आपटत जाण्यापेक्षा एकाच पुढच्या चाकानं पट्टीला हलकं टेकून सरळ जायचं, ही कल्पना तुम्ही वाचलेली दिसते. उजवं चाक उचललेलं असेल तर डावं चाक जमिनीवर असतं, आणि त्या डाव्या चाकाची आतली बाजू पट्टीला टेकायला हवी. म्हणजे गाडी तिच्या स्वतःच्या उजवीकडं किंचित ओढली पाहिजे. हे मला माहीत होतं. चित्र काढून भिंतीला लावलं होतं, वरून बघितलेलं. पण एक्सलचा खिळा जरा वाकवून तो फिरवताना (फिरवला की चाकाची दिशा बदलते) गाडी व्हाइसमध्ये उताणी धरलेली होती. उताण्या गाडीत डाव्याचं उजवं होतं. कोअर बॉक्स म्हणजे उलट्या आकाराचंच काम, दिवसभर मी तेच करतो, आणि तरीही त्या दिवशी मी भिंतीवरचा बाण बघून खिळा फिरवला आणि तो उलटा फिरला.

एवढं झालं असतं तर अर्ध्या तासात सापडलं असतं. पण मी फरशीवर चाचणीही घेतली. लेक पलीकडच्या टोकाला बसून गाडी सोडायची, मी अलीकडं बसून पकडायचो. चार फुटांत गाडी तीन इंच उजवीकडं सरकली. मी म्हटलं झकास. ती माझ्या उजवीकडं सरकली होती हो! समोरून येणाऱ्या गाडीची ती डावी बाजू. दोन वेळा उलटं झालं आणि दोन्ही वेळा मला ते बरोबरच दिसलं. त्यामुळं त्या गोष्टीवर पुढं शंकाच घेतली नाही. आणि शंका घेतली नाही म्हणून दोष चाकांवर गेला.

मग काय काय केलं बघा. चाकं लेथवर चढवून आतून पोखरली, मूळचं २.६ ग्रॅमचं चाक सव्वा ग्रॅमवर आणलं. दोन चाकं तापून लंबगोल झाली. मग कडेला टोक काढून व्ही आकाराची केली. मग खिळ्याऐवजी पोती शिवायच्या दाभणाचा तुकडा एक्सल म्हणून घातला आणि चाकात पितळेचा बुश, म्हणजे एक्सल फिरायची बारीक नळी, बसवला. मग फिजेट स्पिनरमधली बेअरिंग काढून बसवली. शेजारच्या शेडमधला लेथवाला माझा मित्र, त्यानं पैसे घेतले नाहीत, पण त्याचे तीन रविवार गेले आणि माझ्या बहिणीनं आणलेली बारा चाकं गेली. प्रत्येक वेळी एक धाव भारी लागायची, पुढची वाईट. भारी धाव आली की वाटायचं, जमलं. वहीत लिहिलेले वेळ अजून आहेत माझ्याकडं. एकाच चाकांवर लागोपाठच्या धावांत ०.०८ सेकंदाचा फरक, आणि मी शोधत होतो ०.०१ चा फायदा. त्या वहीतला एकही निष्कर्ष धरण्यासारखा नाही. पोरीच्या शाळेच्या सुट्टीतले पावणेदोन महिने मी त्यात घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सापडलं ते तिला. खाली गाडी थांबली की ती वाकून बघायची. एकदा म्हणाली, "पप्पा, हे चाक तर कशालाच टेकत नाही, मग फिरतंय कशानं?" मी चाक काढून ट्यूबलाइटखाली धरलं. आतल्या बाजूला, कडेपासून साधारण तीन मिलिमीटर आत, केसाएवढ्या बारीक ओरखड्यांचा गोल पट्टा होता आणि त्यात प्लायची पिवळट भुकटी अडकलेली. उचललेलं चाक पूर्ण ट्रॅकभर पट्टीला घासत येत होतं. पट्टी सहा मिलिमीटर उंच, चाक उचललेलं दीड मिलिमीटर. सुटणार कसं?

तर तुमच्यासाठी माझा सल्ला (तुमचा ट्रॅक मी बघितलेला नाही, पट्टी वाकडी असेल तर गोष्ट वेगळी) : आज चाकाला हात लावू नका. दोन भाग एकमेकांना कुठं टेकतात ते बघायला फिटर लोक वापरतात तो निळा रंग, ब्लू, आणा, नसेल तर मुलाच्या दप्तरातला रंगीत खडू चालेल. पट्टीच्या दोन्ही कडांना पातळ लावा, गाडी एकदा सोडा आणि कुठल्या चाकाला रंग लागला ते बघा. फक्त डाव्या पुढच्या चाकाला लागायला हवा. उजव्या उचललेल्याला लागला, तर तुमचं माझ्यासारखंच झालंय. खिळ्याच्या डोक्याला हॅक्सॉनं खाच पाडा आणि स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून ओढ दुसऱ्या बाजूला आणा. डाव्या मागच्याला लागला, तर पुढचं डावं चाक दीडेक मिलिमीटर आत, पट्टीकडं घ्या, म्हणजे मागचं सुटं राहील. फरशीवर चाचणी घेताना गाडीच्या मागं बसा, समोर नाही. आणि ठोकळ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं मोठा बाण आणि 'उजवी' असं लिहून ठेवा, पोटावरही लिहा. माझ्या शेडमध्ये आता दोन्हीकडं लिहिल्याशिवाय कुठलाही ठोकळा व्हाइसला लागत नाही.

मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, अडीच-तीन अंश, अशी ठेवली तर ती खिळ्याच्या डोक्याकडं सरकून राहतात आणि गाडीच्या अंगाला घासत नाहीत. हे मात्र मनापासून सांगतो, करा. सगळ्या वेगळ्या रचनांमध्ये हीच एक अशी आहे की बिघडवायची भीती कमी आणि फायदा दिसतो.

चाक उचलल्यानं घर्षण कमी होतं असं दोघांनी तुम्हाला लिहिलंय. मला ते पटत नाही. गाडीचं वजन तेवढंच, ते चारावर वाटलं काय आणि तीनावर वाटलं काय, खिळ्यावरच्या घर्षणाची बेरीज जवळपास तीच. फायदा होतो तो चौथं चाक फिरवायची ताकद वाचते म्हणून. एवढ्या वजनाच्या गाडीत तो अडीच-पावणेतीन सेकंदांच्या धावेत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या मागंपुढं येतो. शर्यत जिंकायला पुरतो, पण गाडी सरळ जात असेल तरच. पट्टीला दोनदा आपटली की तेवढा पहिल्या आठ फुटांतच गेला. आणि उचललेलं चाक पट्टीनं फिरवलं, तर उचलून उपयोग काय झाला?

ओढ दुरुस्त केल्यावर मी तीच चाकं परत लावून बघितली, दर खेपेला एकच बदल, प्रत्येकी दहा धावा. मोबाइलवर २४० फ्रेमचं चित्रण करून फ्रेम मोजल्या, एक फ्रेम म्हणजे साधारण ०.००४ सेकंद. पोखरलेली हलकी चाकं खरोखर पुढं होती. व्ही कडेची चाकं आमच्या ट्रॅकवर मागं पडली, कारण दर आठ फुटांवर प्लायचा सांधा आहे आणि टोकदार कड त्यात टकटक करते. तुमचाही ट्रॅक घरगुती प्लायचा असेल तर ती निमुळती कड काढून टाका असं मी म्हणेन. दाभणाचा हिशोब कागदावर चांगला आहे : खिळा सव्वादोन मिलिमीटरचा, चाक तीस मिलिमीटरचं, खिळा जितका बारीक तितकं घर्षण चाकाला कमी अडवतं. पण बुश केसभर जरी मध्यापासून हलला तरी चाक डुलतं आणि कमावलेलं सगळं जातं.

बेअरिंगचा मोह आपल्याकडं सगळ्यांना होतो, कारण लहानपणी भंगारातल्या बेअरिंगचा गाडा केला नाही असा माणूस आपल्या पिढीत मिळायचा नाही. पुढं एक, मागं दोन, तीच तीन चाकं. पण त्यावर तीस-चाळीस किलोचं पोरगं बसायचं. इथं स्पिनरमधलं ६०८ नंबरचं एक बेअरिंग बारा ग्रॅमच्या आसपास भरतं. चार लावली तर गाडीचं तिसरा हिस्सा वजन चाकांतच गेलं, वर आतलं ग्रीस एवढ्या हलक्या गाडीला जड जातं. नका लावू.

वजनाचं लिहितो म्हणून अजून एक. शिसं वापरत असाल तर पोराला हातात देऊ नका, आणि स्वतः हात धुवा. त्यापेक्षा टिग वेल्डिंगवाल्याकडून टंगस्टनचे रॉड घ्या. ३.२ मिलिमीटरचा, वितीपेक्षा लहान रॉड वीसेक ग्रॅम भरतो, बारीक भोकात बसतो. लाल टोकाचे घेऊ नका, त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो, आणि ग्राइंडरवर कापताना मास्क लावा. मागच्या एक्सलच्या पुढं वीस ते पंचवीस मिलिमीटरवर गाडी बोटावर तोलली पाहिजे. हावरटपणानं आणखी मागं नेलं तर पुढच्या एकट्या चाकावर वजनच उरत नाही आणि ते पट्टी सोडून उड्या मारतं. मी आमच्या ओळखीच्या सराफाकडं गुजरीत नेऊन गाडी तोलली होती. जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यानं सव्वाबारा तोळ्यांना थोडी कमी, असं त्यानं कागदावर लिहून दिलं, तो कागद लेकीनं जपून ठेवलाय. आणि पावसाळ्यात तोलून ठेवलेली गाडी शर्यतीच्या सकाळी परत तोला. कोल्हापूरच्या जुलैत पाईन पाणी पितं.

शेवटचं, थोडं मनातलं. स्पर्धा कुणी बाहेरची संस्था भरवत असेल तर 'चारही चाकं टेकलीच पाहिजेत का' हे लेखी विचारा. आम्ही एका ठिकाणी तीनदा फोन केला, दर वेळी "या तुम्ही, बघू" एवढंच उत्तर. त्या दिवशी टेबलावरच्या माणसानं चाकाखाली पोस्टकार्ड सरकवलं आणि गाडी बाजूला ठेवली. एक ओळ छापून द्यायला काय लागत होतं? पोरं महिनाभर राबतात. नशिबानं माझ्याकडं फक्त खिळा फिरवून चाक खाली आणायची सोय होती, लेकीनं स्वतः ते केलं आणि तिची गाडी धावली. म्हणून पुढचं उचललेलं चाकही वाकवलेल्या खिळ्यावरच ठेवा, भोकच वर पाडू नका.

उद्या ब्लू लावून एक धाव घ्या आणि कुठल्या चाकाला रंग लागला ते इथं लिहा. फोटो टाकाल तर गाडी सरळ उभी ठेवून, मागून काढा. उताण्या गाडीचा फोटो बघून मी सल्ला देणार नाही.