अपर्णा सेन : अभिनेत्री ते दिग्दर्शिका हा प्रवास समजायला कोणते चित्रपट, कोणत्या क्रमाने पाहावेत?

सुरुवात ‘तीन कन्या’ (१९६१) मधल्या ‘समाप्ती’ने करा. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या कथेवर सत्यजित राय यांनी केलेल्या, चित्रपटाच्या या भागात त्या मृण्मयी आहेत : लग्नाच्या रात्री झाडावरून उतरून नदीकाठच्या झोपाळ्यावर जाऊन झोपणारी, खार पाळणारी हूड पोर.

पुढची वीसेक वर्षं व्यावसायिक बंगाली सिनेमात नायिकेची गेली, त्यातलं सगळं पाहायची गरज नाही. थेट ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) वर या. पटकथा त्यांचीच, निर्माते शशी कपूर, आणि पहिल्याच चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. तो बंगाली समजून शोधाल तर चुकाल. संवाद मुख्यतः इंग्रजी आहेत, कारण नायिका कोलकात्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका आहे. जेनिफर केंडल यांनी तिचा एकटेपणा विलक्षण संयमाने उभा केलाय.

मग ‘परमा’, ‘पारमितार एक दिन’, आणि ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ (२००२). या शेवटच्याला दिग्दर्शन आणि पटकथा दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार आहेत. लेखणी फक्त पटकथेपुरती नव्हती : १९८६ पासून जवळजवळ दोन दशकं त्या ‘सानंदा’ या बंगाली पाक्षिकाच्या संपादक होत्या. त्यांच्या स्त्री-व्यक्तिरेखा इतक्या नेमक्या का उतरतात, याचं उत्तर माझ्या मते बरंचसं तिथे आहे.

मराठी वाचकांनी ‘सोनाटा’ (२०१७) चुकवू नये. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा हा चित्रपट आहे. तीन मैत्रिणी, बहुतेक सगळं एकाच घरात. नाटक आधी वाचा, मग पाहा.