टोकियोत जुनी मिनिवेलो घेताना: चिबाच्या स्टिकरचा माझा घोळ

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा-सात वर्षांपूर्वीचा मीच विचारतोय असं वाटलं. तुम्हाला टोकियोत येऊन आठ महिने झालेत, घर तिसऱ्या मजल्यावर आणि खुराड्याएवढं. घडीची सायकल नको कारण बिजागऱ्या कुरकुरतात, म्हणून वीस इंची चाकांची, न दुमडणारी स्टीलची मिनिवेलो हवी. आणि नदीपलीकडे चिबात, म्हणजे टोकियोशेजारच्या प्रांतात, राहणारे एक गृहस्थ पुढच्या आठवड्यात देश सोडून चाललेत म्हणून अठरा हजार येनला द्यायला तयार आहेत. फोटोत चकाचक दिसते, "उचलू का?" असं तुम्ही विचारलंय.

उचला. पण ते गृहस्थ विमानात बसायच्या आधी त्यांच्याकडून कागद घ्या. चेन बघा, ब्रेक दाबा, चाक फिरवून बघा हे सगळं तुम्हाला कळत असणारच, त्यात शिरत नाही. मी अडकलो ते कागदात.

मीही अशीच चिबातून घेतली होती. विकणारा भला माणूस. दोघांनी मिळून सीटची उंची लावली, त्यानं पंप फुकट दिला. फ्रेमवर बोहान तोरोकुचं, म्हणजे चोरीविरोधी नोंदणीचं स्टिकर होतं. मी विचारलं, नोंदणीचं काय? तो म्हणाला, "स्टिकर आहे ना!" मलाही पटलं. लहानपणी वडिलांच्या सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. सायकल ज्याच्याकडे गेली, बिल्ला त्याच्याकडे गेला, कोणी विचारलं नाही. हेही तसंच असेल असं मी धरून चाललो, आणि तिथेच फसलो. हा नंबर माणसाच्या नावावर असतो. वर दर प्रीफेक्चरची, म्हणजे प्रांताची, नोंदणी वेगळी, त्यामुळे चिबातली टोकियोत आपोआप येत नाही. नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे पण न केल्याबद्दल दंड नाही, म्हणून विकणारे लोक ती फारशी मनावर घेत नाहीत.

तीन आठवड्यांनी रात्री साडेदहाला ऑफिसातून येताना दोन पोलिसांनी थांबवलं. अतिशय नम्र. टॉर्च लावून स्टिकरचा नंबर वाचला, वायरलेसवर सांगितला, उत्तर आलं आणि मला नाव विचारलं. अर्थातच जुळलं नाही. मग कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, दीड तास. हँडलला लटकवलेल्या पिशवीतलं दही कोमट होतंय आणि मी मोडक्या जपानीत विकणाऱ्याशी झालेलं चॅटिंग दाखवतोय. शेवटी सोडलं, चहाही विचारला, आणि सांगितलं की स्वतःच्या नावावर करून घ्या.

खरा छळ त्यानंतरचा. सायकलच्या दुकानात गेलो, तिथे म्हणाले, आधीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणा. तो कुठे मिळेल? जिथे नोंदणी झाली तिथे. त्या खिडकीवर गेलो. "मूळ मालक कुठे आहेत?" परदेशी गेले. "मग त्यांचं पत्र आणा." स्कॅन मागवून नेला. "मूळ प्रत लागेल." ती टपालानं मागवली, तीन आठवडे गेले. "यावर त्यांचा परदेशातला पत्ता आहे, नोंदणीत चिबातला आहे. जुळत नाही." परत पत्र, परत टपाल. दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. आणि दर खेपेला समोरचा माणूस कमरेत वाकून माफी मागून नकार देणार! भांडायचीही सोय नाही. आपल्याकडे निदान आवाज चढवून "साहेबांना बोलवा" म्हणता येतं. तीन कागद एकदम मागितले असते तर एका खेपेत काम झालं असतं, पण आधीच्यावर शिक्का बसल्याशिवाय पुढचा कागद सांगायचाच नाही अशी तिथे बहुधा शपथ घेतलेली असावी. असो.

अडीच महिने लागले. तेवढ्या काळात स्टेशनजवळच्या पार्किंगचा मासिक पासही मिळाला नाही, कारण अर्जात नोंदणी क्रमांक लिहायचा होता. रात्री चालवायची भीती बसली होती. सायकल बाल्कनीत पडून राहिली, आणि नेमका त्सुयु, म्हणजे इथला जून-जुलैचा पाऊस, तिच्या अंगावर गेला. त्याचं फळ पुढे सांगतो.

तेव्हा शक्य असेल तर त्या गृहस्थांना बरोबर घेऊन चिबातल्या त्या खिडकीवर जा, त्यांच्या हातूनच नोंदणी रद्द करून घ्या. त्यांचं ओळखपत्र, नोंदणीचं कार्ड आणि सायकल, तिन्ही बरोबर हवं. शिवाय ज्योतो शोमेइशो, म्हणजे सायकल तुम्हाला दिल्याचा कागद, तिथेच लिहून घ्या: दोघांची नावं-पत्ते, तारीख, सायकलचा मेक आणि रंग, नोंदणी क्रमांक, फ्रेम नंबर, त्यांची सही. त्यांचा पत्ता नोंदणीत असेल तोच, अक्षर न् अक्षर. फ्रेम नंबर बहुतेकदा पायडलच्या मधल्या नळीखाली असतो, सायकल उलटी करून फोटो काढा. मग टोकियोत नव्यानं नोंदणी करायला सातशे येनच्या आत खर्च येतो. मी काही वकील नाही, नियम बदलत असतात, जाण्याआधी फोन करून विचाराच. पण पुढच्या आठवड्यात विमान आहे म्हणताय, तर हे याच शनिवार-रविवारच्या आत. ते "नंतर मेलवर पाठवतो" म्हणाले तर मी सायकल सोडून देईन, अठरा हजारांत असली तरी.

आता त्या पावसाचं फळ. मिनिवेलोचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, लांबलचक असतो, कारण फ्रेम बुटकी. पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रेमची नळी स्टीलची, मध्ये पाणी मुरलं की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. माझा असा बसला की दुकानदारानं दोन दिवस तेल सोडून, पाना लावून, अक्षरशः घाम गाळून काढला. तुम्ही बघायला जाल तेव्हा सीट दहा सेंटीमीटर वर-खाली करून दाखवायला सांगा. हललं नाही तर किंमत निम्मी करा किंवा निघून या. हललं तर घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे पोस्ट बाहेर काढून ग्रीस लावणं. तुमची उंची पाच फूट दहा आहे, म्हणजे पोस्ट बराच वर जाणार. त्यावरची "निदान इथवर आत हवा" अशी रेघ बाहेर दिसली तर ती सायकल तुमच्या मापाची नाही.

स्टीलबद्दल: लोहचुंबक चिकटलं की स्टील, एवढंच कळतं. क्रोमोली (हलकं, मजबूत मिश्र स्टील) आहे की साधं, जड हाय-टेन, हे चुंबक सांगत नाही, फ्रेमवरचं छोटं स्टिकर सांगतं. पण घर ते स्टेशन आणि रविवारी नदीकाठ एवढंच असेल तर हाय-टेनही चालेल. वजन थोडं जास्त, तेही तुमच्या इमारतीला लिफ्ट नसेल तरच जाणवेल.

चाकांवर मात्र मी हट्टी आहे. "वीस इंच" या नावाखाली दोन वेगळी मापं विकतात, 406 आणि 451. टायरच्या कडेवर वाचा. 20 × 1.50 असा दशांश असेल तर 406, 20 × 1 1/8 असा अपूर्णांक असेल तर 451. व्यासात 45 मिलिमीटरचा फरक, एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. बीएमएक्स (कसरतीच्या सायकली), वीस इंची घडीच्या सायकली आणि बरीचशी लहान मुलांची सायकल 406 वर चालते, त्यामुळे टायर-ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. माझी 451 होती. दिसायला देखणी, पण आराकावा नदीच्या काठावर पंक्चर झाली तेव्हा वाटेतल्या दोन दुकानांत ट्यूब नव्हती. वर व्हॉल्व्ह फ्रेंच, म्हणजे बारीक जातीचा, आणि रस्त्यावरचे साधे पंप मामाचारीच्या (इथल्या घरगुती सायकलीच्या) व्हॉल्व्हचे, म्हणजे आपल्याकडच्या साध्या सायकलीला असतो त्याचे. पाच येनच्या नाण्याएवढं छोटं अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवत चला. माझा एक मित्र 451 च वेगवान म्हणून शपथा घेतो. त्याला घेऊ द्या.

छोट्या चाकांना जास्त पायडल मारावी लागतात का, असंही विचारलंय तुम्ही. ते चाकापेक्षा चेनच्या चक्रांच्या दात्यांवर ठरतं. 406 चं चाक एका फेरीत साधारण दीड मीटर जातं, मोठ्या सायकलचं 2.1 मीटर. पुढे 52 दात आणि मागे सर्वांत लहान चक्र 11 चं असेल तर एका पायडलला सात मीटर, म्हणजे मिनिटाला 70 फेऱ्या मारून ताशी तीसच्या आसपास. पुढे 44 आणि मागे 14 असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत जेमतेम वीस. विकणाऱ्याला दात मोजून फोटो पाठवायला सांगा. थोडं विचित्र वाटेल त्यांना, वाटू द्या.

हँडल सुरुवातीला चंचल वाटतं, आठवड्यात सवय होते. धोका आहे तो फुटपाथच्या उतारावरच्या दोन सेंटीमीटरच्या कडेचा. मोठं चाक ती तिरकी घेतली तरी चढतं, हे घसरतं. सरळ काटकोनात घ्या, विशेषतः पावसात. याच कारणानं पुढेमागे ही पुण्याला नेण्याचा विचार करू नका. आपल्या खड्ड्यांत वीस इंची चाक आणि टणक टायर म्हणजे मणक्याशी वैर.

अवांतर: छोट्या चाकांची ही अडचण इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टननं 1962 सालीच ओळखली होती. त्यानं सोळा इंची चाकं, जास्त हवेचे टायर आणि धक्के झेलायला पुढे-मागे सस्पेन्शन देऊन सायकल काढली. मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शनही त्याचंच. पुढे लोकांनी सस्पेन्शन काढून टाकलं आणि छोटी चाकं ठेवली, म्हणून हादरे आपल्या वाट्याला. टायर जितका रुंद बसेल तितका घाला.

विमा विसरू नका, टोकियोत एप्रिल 2020 पासून सायकलस्वारालाही बंधनकारक आहे. घरभाड्याच्या विम्यात कधीकधी तो आधीच असतो, दोनदा भरू नका. ट्रेननं न्यायची तर सुटी करून रिन्को बॅगेत, म्हणजे सायकल न्यायच्या खास पिशवीत, पूर्ण झाकावी लागते. मिनिवेलोचं बोचकं मोठ्या सायकलीपेक्षा बरंच आटोपशीर होतं, गर्दीच्या वेळी मात्र तरीही नको. दुमजली पार्किंगमध्ये वरच्या रॅकच्या खोबणीत आमचं चाक नीट बसत नाही, पास घेताना खालचीच जागा मागा.

आणि स्टँड आहे का ते विचारून घ्या. वीस इंचीला आखूड लागतो. माझ्या सायकलीला नव्हता. योग्य मापाचा मिळेपर्यंत ती महिनाभर फ्रीजला टेकून उभी होती, आणि दूध काढायचं म्हणजे आधी सायकल हलवायची.