अवकाळीच्या दिवसांतील पायी भटकंती : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मार्चअखेरीस आम्ही तिघे मित्र सौताड्याहून येरमाळ्यापर्यंत बालाघाटच्या डोंगरांतून पाठीवर सामान घेऊन चालत जाणार आहोत. रोज २५ किलोमीटरचा बेत अवकाळी पावसात निभेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : वाट कोरडी असेल तर निभेल, ओल्या काळ्या रानात निभणार नाही. काळी माती पाणी शोषून फुगते आणि बुटाला अशी लगडते की काडीने खरवडून काढली तरी पुढच्या बांधापर्यंत पुन्हा तेवढाच थर चढलेला असतो. अशा पाणंदीतून तासाभरात दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ म्हणावे लागेल. पठारावरच्या मुरमाड, उथळ जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, खोलगटात आणि नदीकाठी मात्र चिखल दोन-दोन दिवस हटत नाही. म्हणून आधी मुक्काम ठरवावेत आणि अंतर त्यांवरून काढावे. रोजची मजल १२ ते १५ किलोमीटरच धरावी, दर मुक्कामाजवळची डांबरी सडक नकाशावर हेरून ठेवावी आणि किमान एक दिवस राखीव सोडावा. हा राखीव दिवस वाया जातो असे समजून तो गाळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : विजांची फार भीती वाटते. माळावर असताना आभाळ भरून आले तर काय करावे? (नांदेड)

उत्तर : भीती रास्त आहे. या दिवसांत ऊन तापल्यावर दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे उजाडताच निघून दुपारी दोनच्या आत पक्क्या छपराखाली पोहोचणे हाच खरा उपाय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असावे. पण माळावर रेंज नसते तेव्हा कानांवरच भिस्त ठेवावी लागते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा टेकडीचा माथा, एकटे झाड, तारेचे कुंपण आणि पाणी यांपासून दूर व्हावे. चिंच किंवा लिंबाखाली आडोसा घेण्याची आपली जुनी सवय जिवावर बेतते. पक्के घर किंवा काचा बंद केलेली जीप चालेल, पत्र्याची उघडी शेड नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबूनच पुढे निघावे. गारा पडू लागल्यास पाठपिशवी डोक्यावर धरावी.

प्रश्न : सामान कोरडे कसे ठेवावे? (परभणी)

उत्तर : पिशवीवरच्या आवरणावर विसंबू नये, कारण पाठीकडून पाणी शिरतेच. पिशवीच्या आत जाड प्लास्टिकचे अस्तर घालावे आणि झोपण्याचे कपडे त्यात वेगळे बांधावेत. ते चालताना कधीही वापरू नयेत. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत.

प्रश्न : तंबू न्यावा की गावात राहावे? (हिंगोली)

उत्तर : वादळी वाऱ्यात उघड्या माळावरच्या तंबूपेक्षा देवळाचा सभामंडप कितीतरी बरा. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणकडे पायी दिंड्या निघतात, त्यामुळे मराठवाड्यातील गावांना पायी वाटसरू नवे नाहीत. पुजारी किंवा सरपंच यांना दिवस मावळण्याआधी विचारावे. नायगावच्या मयूर अभयारण्यात शिरायचे असेल, तर वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी. ही सुगीची वेळ असते, तेव्हा उभ्या पिकातून वाट काढू नये, आणि पाऊस येताना कोणी हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री ओढताना दिसले, तर पाठपिशवी उतरवून तिचे दुसरे टोक धरावे.