कांदा जळाला, पण रान नासलेलं नाही

प्रश्न (मोहोळ तालुक्यातून): नोव्हेंबरात ऊस तुटल्यावर खोडव्यात (बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसात) अट्राझीन हे तणनाशक मारलं. फुटवे विरळ आले म्हणून डिसेंबरअखेर खोडवा मोडून कांदा लावला. पंधरा दिवसांत पात शेंड्याकडून पिवळी पडून वाळली. दुकानदार म्हणतात, तणनाशक खाणारे जिवाणू सोडा. बाटली घ्यावी का? जमीन कायमची गेली का?

उत्तर: जमीन गेलेली नाही, आणि बाटली घेऊ नका.

ऊस, मका, ज्वारी ही पिकं अट्राझीन स्वतःच पचवतात. कांदा, सोयाबीन, काकडी यांना ते जमत नाही. चांगल्या ओलीत अट्राझीन निम्म्यावर यायला साधारण दोन महिने लागतात. तुम्ही दीड महिन्यातच लागण केली. त्यात आपली काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) आठाच्या आसपास. अशा जमिनीत ते आपोआप फारसं फुटत नाही. फोडायचं काम मुख्यतः जिवाणूंवरच येतं.

असे जिवाणू खरोखर आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटात तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून स्युडोमोनास या जिवाणूचा एक वाण मिळाला. त्याची माहिती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अट्राझीनमधला नत्र मिळवण्यासाठी तो ते फोडतो. आधी क्लोरीन तोडतो, आणि तेवढ्यानेच अट्राझीनचा तण मारण्याचा गुण जातो. पण दुकानातला स्युडोमोनास फ्लुरोसन्स मर आणि कूज हे रोग रोखण्यासाठी असतो. नाव एक म्हणून काम एक नसतं. ट्रायकोडर्मा या बुरशीचंही तेच, त्याची शिफारस रोगांसाठी आहे. शिवाय बाहेरून सोडलेले जिवाणू नव्या रानात तगतीलच असं नाही.

जिथे वर्षानुवर्षं अट्राझीन वापरलं जातं, तिथल्या मातीत ते फोडणारे जिवाणू बहुधा आधीच वाढलेले असतात. तुमचं रान उसाचंच आहे. तिथल्या जिवाणूंना ओल, हवा आणि सेंद्रिय खाद्य द्या. एकरी दोन-तीन ट्रॉली चांगलं कुजलेलं शेणखत पसरून वरच्या थरात मिसळा. पाचट उरलं असेल तर पेटवू नका, कुट्टी करून गाडा. एरवी पाचटावर युरिया टाका असं मीच सांगतो, पण या रानात आत्ता नको. आयता नत्र मिळाला की हे जिवाणू अट्राझीनकडे कमी वळतात.

सगळ्यात महत्त्वाचा वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. उन्हाळ्यात रान नांगरून तापू द्यायची आपली रीत चांगली आहे, पण इथे तिने नुकसान होईल. कोरड्या ढेकळात जिवाणू निपचित पडतात, आणि पाणी साचून चिबडलेल्या रानात त्यांना हवा मिळत नाही. म्हणून हलकं पाणी थोड्या थोड्या दिवसांनी द्या. रान मोकळं ठेवण्यापेक्षा मका किंवा कडवळ (चाऱ्याची ज्वारी) करा. त्याला युरिया उगवण झाल्यावर, गरजेपुरताच. ताग, धैंचा ही हिरवळीची खतं आत्ता पेरू नका, तेही जळतील. शेजारच्या जुन्या उसाच्या रानातली माती आणून टाकायचा विचारही काहींच्या मनात येतो. मी तो टाळायला सांगेन, कारण मातीबरोबर मुळांना लागणारे सूत्रकृमी आणि लव्हाळा या तणाच्या गाठी येतात, आणि पुढे तिथे डाळिंब लावायचं असेल तर ते फार महागात पडतं.

बार्शीकडूनही विचारणा आहे: सोयाबीनमध्ये इमाझेथापायर हे तणनाशक मारलं, पाऊस कमी झाला, तर मागून ज्वारी घ्यावी का? ज्वारी या औषधाला नाजूक आहे. आधी खालची चाचणी करा, तिच्यात काकडीऐवजी ज्वारीच पेरा.

चाचणीला खर्च नाही. रानात आठ-दहा ठिकाणची वरची चार बोटं माती मिसळून चार डब्यांत भरा. औषध न लागलेल्या बांधाकडची माती दुसऱ्या चार डब्यांत. डब्यांना तळाशी भोकं पाडा. प्रत्येकात काकडीचं बी पेरून उन्हात ठेवा आणि तीन आठवडे पाणी द्या. घाई करू नका, अट्राझीनमध्ये बी उगवतं नीट आणि पानं नंतर कडेने पिवळी पडतात. दोन्हीकडची रोपं सारखी हिरवी राहिली तरच कांद्याचं रोप टाका.