मोत्याच्या मानेला चावा, हळद भरू का?

प्रश्न: परवा डिचोलीच्या बाजारात भटक्या कुत्र्यांनी आमच्या मोत्याला धरलं, मानेवर दोन बारीक भोकं आहेत, रक्त थांबलंय. आई म्हणते हळद भर. भरू का?

उत्तर: हळद नको हो! भोक बारीक दिसतं पण सुळा आत खोल जातो, वरून कातडी मिटते नि आत पू साठतो, मग दोन-तीन दिवसांनी गाठ येते. ग्लोव्हज घालून भोवतालचे केस कापा, उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून धुवा आणि आजच व्हेटकडे न्या, अँटिबायोटिक बहुतेक लागेलच. रेबीजची लस आधी दिली असली तरी बूस्टरचं विचारा. आपली पॅरासिटामॉल, ब्रुफेन अजिबात देऊ नका. आणि आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, माशी बसली की किडे पडतात, तेव्हा जखम रोज बघा.