सोलापुरात वडिलांसाठी शुश्रूषा केंद्र निवडायचे आहे. तेथील दर्जा आणि सुरक्षितता कशी तपासावी?

आपले वडील ८१ वर्षांचे आहेत, पक्षाघातानंतर त्यांचे चालणे बंद झाले असून ते चाकाच्या खुर्चीत बसतात, आणि येत्या शनिवारी सकाळी वेळ ठरवून पुण्याहून येऊन आपण तीन केंद्रे पाहणार आहात. कोणती प्रमाणपत्रे मागावीत आणि महिन्याला खर्च किती धरावा, असे आपण विचारले आहे. प्रमाणपत्रांविषयी पुढे लिहितो. पण ‘सकाळी वेळ ठरवून’ हे शब्द वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवेना, कारण सात वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू आमच्या आईसाठी असेच वेळ ठरवून केंद्र पाहायला गेले होते.

मी ३५ वर्षे सोलापुरातील टेरी टॉवेलच्या कारखान्यांत माल तपासण्याचे काम केले. या कामात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की व्यापाऱ्याने हातात दिलेला नग तपासायचा नसतो. मालाचा गठ्ठा फोडून मधला नग आपण ओढून काढायचा असतो. बंधूंना हे मी त्या वेळी सांगितले होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, कागदावर त्यांचा विश्वास. परत येऊन त्यांनी सांगितले, की फरशी चकचकीत आहे, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र आहे, अंथरुणातील जखमा टाळणाऱ्या हवेच्या गाद्या आहेत आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी घडी घातलेला पांढरा शुभ्र टॉवेल आहे. आईच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती, घरी आम्ही दोघेच, त्यात पत्नीची पाठ अधू. तेव्हा मीही सही केली.

भेटीची वेळ रविवारी अकरा ते बारा. त्या तासात सगळे नीटनेटके दिसायचे. आईचे केस विंचरलेले, चादर बदललेली, उशाशी टॉवेल. फक्त ती बोलायची कमी आणि झोपायची फार. एप्रिल महिन्यातील एका मंगळवारी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतून काम आटोपून निघालो तो घरी न जाता तसाच तिकडे गेलो. रात्रीचे पावणेआठ झाले होते. औषध द्यायचे राहिले आहे, असे खोटे सांगितल्यावर रखवालदाराने आत सोडले.

जेवणे सहालाच उरकली होती. २६ माणसांना मिळून दोन मावशी होत्या आणि त्यांपैकी एक स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आईच्या शेजारच्या खाटेवरील आजी ‘नीळ्ळू, नीळ्ळू’ असे पुटपुटत होत्या. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला तेलुगू येत नसले तरी एवढे कळते, की त्या पाणी मागत आहेत, पण नुकतीच बाहेरगावाहून कामाला आलेली मावशी म्हणाली, “त्या दिवसभर असंच काहीतरी बडबडतात.” मी त्यांना पाणी पाजले आणि आईकडे वळलो. तिचे ओठ चिकटले होते. तोंड पुसावे म्हणून उशाशी ठेवलेला टॉवेल पाण्यात बुडवला, तर पाणी त्यावरून ओघळून गेले.

हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आले नसते. नव्या टेरी टॉवेलवर फिनिशिंगचा मुलामा असतो, त्यामुळे तो पाणी चटकन शोषत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर त्याचे लूप, म्हणजे वरचे धाग्यांचे फासे, फुलतात आणि मग तो कामाचा होतो. या टॉवेलचे लूप आडवे पडलेले होते आणि पॅकिंगची घडी कागदासारखी कडक होती. आई तेथे दाखल होऊन अकरा आठवडे झाले होते आणि तो टॉवेल एकदाही पाण्यात गेला नव्हता. मग हिला पुसतात कशाने, या विचाराने मी चादर बाजूला केली. डाव्या टाचेवर जुन्या रुपयाएवढा काळा डाग होता आणि त्याला वास येत होता. हवेच्या गादीचा पंप खाटेखालीच होता, पण त्याची पिन काढून त्या जागी कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

ती जखम भरायला पाच महिने लागले. त्यानंतर आई दीड वर्ष आमच्या घरी राहिली आणि घरीच गेली. बंधू आजही म्हणतात, “अरे, वय झालं की जखमा व्हायच्याच.” हे म्हणणे चुकीचे आहे आणि ते मी येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो. अशा बहुतेक जखमा टाळता येतात. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्या माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचेवर सतत दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवतात. जखमेच्या आधी लाली येते. तिच्यावर बोट दाबले असता ती पांढरी पडली नाही, तर दुखापत सुरू झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तेव्हा ती जागा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहावे लागते. खुर्चीत तासन्तास बसणाऱ्यालाही बैठकीवर अशी जखम होते, त्यामुळे आपल्या वडिलांच्या बाबतीत हा प्रश्न लागू आहे.

तेव्हा शनिवारची ठरलेली वेळ केवळ मालकांशी बोलण्यासाठी ठेवा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास न कळवता पुन्हा जा. आत येऊ दिले नाही, तर ते केंद्र तेथेच यादीतून काढून टाका. आत गेल्यावर रात्री कामावर असलेली माणसे डोळ्यांनी मोजा. हजेरीपुस्तकातील आकडा विचारूच नका. पाण्याचा पेला खाटेवरच्या माणसाच्या हाताला लागेल असा ठेवला आहे का, हे पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि तरीही रात्री डायपर बदलावे लागू नयेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी हात राखून देण्याची खोड अनेक ठिकाणी आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून साठवणीची टाकी केवढी आहे आणि टँकर कधी मागवतात, हेही विचारा. पाण्याची ओढ असली की पहिली काटछाट अंघोळीत होते. लघवीची पिशवी लावलेल्या माणसाची पिशवी खाटेच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता लटकत असली पाहिजे. सकाळी अकरा वाजता सगळा कक्ष गाढ झोपलेला दिसला, तर शांत वातावरणाचे कौतुक करू नका. झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून देतात, ते विचारा. वजनाची वही मागा. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी घटले, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. आमची आई ५२ किलोंची ४४ वर आली होती आणि त्या वहीत तिच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. तेथील कर्मचाऱ्यांना आपल्या वडिलांची भाषा येते का, हे सोलापुरात तरी विचारायलाच हवे, कारण उतारवयात स्मृती ढळू लागली की माणूस अनेकदा आपल्या पहिल्या भाषेकडे परततो.

आता प्रमाणपत्रे. शुश्रूषा केंद्राला काही जण ‘नर्सिंग होम’ म्हणतात, पण आपल्याकडे त्याचा अर्थ लहान खासगी रुग्णालय असा होतो. त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि शहरात ते काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. आपण पाहणार आहात ती केंद्रे अनेकदा न्यासाची असतात, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. ती नोंदणी हिशेबाची असते, टाचेची नसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या सोयीच्या वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणूनच चौकटीतल्या कागदावर भिस्त ठेवू नका, असे मी म्हणतो. एक कागद मात्र जरूर मागा. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. त्यातील शेवटचे दाखवा म्हणावे. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा नवजात बालके दगावली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातही आग लागली. ज्यांना स्वतः पळता येत नाही, अशांच्या इमारतीत जिन्याच्या दाराला रात्री कुलूप असते का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे रखवालदाराला विचारा.

खर्चाविषयी एवढेच सांगतो, की डायपर, औषधे आणि रात्रीची वेगळी मावशी यांचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे लावतात, तेव्हा सगळे लेखी घ्या आणि अनामत रक्कम परत कधी मिळणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. तक्रार करण्याची वेळ आली, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे.

मी त्या केंद्राचे नाव लिहिलेले नाही, कारण त्या दोन मावशी वाईट नव्हत्या. २६ जणांच्या कुशी दर दोन तासांनी बदलणे दोघींना अशक्यच होते, आणि कोणी कितीही जपले तरी अखेरच्या दिवसांत काही जखमा टळत नाहीत, हेही खरे आहे. शिवाय शुश्रूषा घरीच उत्तम होते असे मी मुळीच म्हणत नाही; घरी आणल्यानंतर पहिल्या महिन्यात आई माझ्याच हातून एकदा पडली. राहता राहिली एक गोष्ट. आपले वडील खुर्चीत बसू शकतात, तर पाहायला जाताना त्यांना बरोबर न्या. आमच्या आईने ती जागा प्रथम पाहिली ती दाखल होण्याच्या दिवशी, आणि त्या बाबतीत दोष एकट्या बंधूंचा नव्हता.